वेड्या सरपंचबाईचं कौतुक

शहाणी बाई पुढे आलेल्या कागदावर सही करते. वेडी विचारते, "भाऊसाहेब, हे बिल कशाचं? आधी रस्ता दाखवा."

आमच्या बीड जिल्ह्यात शहाणीला मान मोठा. ती घरी असते, मालक ग्रामपंचायतीत बसतात आणि फोनवर "सरपंच बोलतोय" म्हणतात. वेडी स्वतः खुर्चीत बसते, डिजिटल सहीचं डोंगल आपल्या पेटीत कुलपात ठेवते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून बिल वाचून घेते. पारावर म्हणतात, "नवरा खंबीर असताना हिला काय एवढी पडलीय?"

मला या वेडाचं मनापासून कौतुक वाटतं. १९९३ मध्ये पंचायतींत महिलांना एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्यावर नेल्या. खरं तर केशरकाकू क्षीरसागरांना बीडनं १९८० मध्येच लोकसभेवर पाठवलं होतं. म्हणजे बाईनं कारभार करणं इथं नवं नाही. तरी गावात आरक्षण बाईचं आणि शिक्का मालकाच्या खिशात. चौकशी लागली की मात्र नोटीस तिच्याच नावानं निघते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर ठरली, तर सरपंचाला पदावरून काढता येतं. त्या कलमात सरपंचपती नावाचा माणूस नाही.

ऊसतोडीचा हिशेब आठवून पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या बांधून डोक्यावर वाहते ती, पण मुकादमाकडून उचल घेतो तो. फिटली नाही तर पुढच्या दिवाळीनंतर दोघांनाही पुन्हा कारखान्यावर जावं लागतं. पैसा त्याच्या हातात, फेड तिच्याही अंगावर. ग्रामपंचायतीत हेच चाललंय, फक्त उचलीच्या जागी वित्त आयोगाचा निधी आहे.

बाई म्हणून तिला सूट द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. तिनं पैसे खाल्ले असतील तर पद जावं, गुन्हाही व्हावा. पण चौकशी करणाऱ्यांनी डोंगल कुणाकडे होतं, तेही विचारावं, आणि ते ज्याच्याकडे होतं त्यालाही समोर उभं करावं.

वेडीच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. नळयोजनेचं पाणी आलं नाही म्हणून ग्रामसभेत गलका झाला आणि मालक उत्तर द्यायला उठले, तर ती त्यांना खाली बसवते. म्हणते, "सही माझी हाय. मला इचारा."