पाहुण्यांचा हॉटस्पॉट तोडणाऱ्यांना खुले पत्र

नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ओप्रीलँड हॉटेलच्या व्यवस्थापनास आणि ते चालवणाऱ्या मॅरियट कंपनीस,

तुमचं प्रकरण २०१४ च्या ऑक्टोबरात सहा लाख डॉलर दंड भरून मिटलं. निदान कागदावर तरी मिटलं. वायरलेस कंट्रोलर, म्हणजे इमारतभरचं वाय-फाय सांभाळणारी यंत्रं, बसवण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारख्यांपुढे ते अजून उभंच आहे, कारण तुम्ही जी सोय पाहुण्यांवर उलटवलीत ती या कंट्रोलरांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही आहे आणि ती चालू करायला एक टिक पुरते.

तुम्ही काय केलंत ते आधी सरळ सांगतो. तुमच्या हॉटेलात मोठमोठी अधिवेशनं आणि प्रदर्शनं भरतात. तिथे स्टॉल लावणारा माणूस स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरून हॉटस्पॉट सुरू करायचा आणि लॅपटॉप त्याला जोडायचा. डेटाचे पैसे त्याने आपल्या मोबाइल कंपनीला आधीच भरलेले. तरी जोडणी तुटायची. पुन्हा जोडावी, पुन्हा तुटायची. बिचाऱ्याला वाटत असणार की फोन बिघडला, नाहीतर रेंज नाही. बिघडलेलं काहीच नव्हतं. छताला लावलेली तुमची यंत्रणा त्याची जोडणी तोडत होती. आणि तुमचं वाय-फाय घ्यायचं तर अधिवेशनातल्या प्रदर्शकांना एका उपकरणामागे २५० ते १००० डॉलर पडत होते. त्या वेळच्या दराने हजार डॉलर म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर.

हे कसं साधलंत तेही लोकांना कळू द्या. वाय-फायमध्ये फोन आणि लॅपटॉप एकमेकांना काही व्यवस्थापनाचे संदेश पाठवतात. त्यातला एक असतो ‘जोडणी संपली, बाहेर पड’. मूळ मानकात या संदेशावर सही-शिक्का असं काही नव्हतं. कुणीही दुसऱ्याचा पत्ता लावून तो पाठवावा आणि समोरच्या उपकरणाने मुकाट मानावा, अशी ती ढिलाई होती. कंट्रोलर बनवणाऱ्यांनी हीच ढिलाई बचावासाठी वापरली. कार्यालयाच्या नावाची नक्कल करून कुणी खोटं नेटवर्क उभं केलं आणि कर्मचारी फसून त्याला जोडले गेले, तर आपल्या ॲक्सेस पॉइंटने, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या डबीने, तसेच संदेश सोडून ती जोडणी तोडायची. याला ते कंटेनमेंट म्हणतात. चोर अडवायला दिलेलं हे हत्यार तुम्ही पाहुण्यांवर चालवलंत. कुंपणानेच शेत खाल्लं.

मार्च २०१३ मध्ये तिथे एका कार्यक्रमाला आलेल्या माणसाने तक्रार केली नसती तर हे किती काळ चाललं असतं कोण जाणे. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. जोडणी तुटली की आपण सगळे फोन बंद करून चालू करतो आणि गप्प बसतो. त्याने थेट अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचं दार ठोठावलं.

पकडले गेल्यावर तुमचा खुलासा काय? तर संशयास्पद हॉटस्पॉटमुळे सेवा खालावते, सायबर हल्ले होतात, लोकांची ओळख चोरली जाते, म्हणून पाहुण्यांच्या भल्यासाठी हे केलं. पाहुण्याने स्वतःच्या खिशातल्या फोनशी स्वतःचा लॅपटॉप जोडला, यात कुणाची ओळख चोरीला जाते? भलंच करायचं होतं तर आधी त्याला विचारायला हवं होतं. तुम्ही त्याला कळूसुद्धा दिलं नाहीत.

त्याहून चीड आली ती तुमच्या अर्जाची. चौकशी चालू असतानाच, ऑगस्ट २०१४ मध्ये, हॉटेलवाल्यांच्या संघटनेला सोबत घेऊन तुम्ही त्याच आयोगाकडे गेलात आणि अशी अडवणूक करायची मुभा मागितलीत. गूगल आणि मायक्रोसॉफ्टने विरोध केला, लोक संतापले, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये अर्ज मागे घेतलात. त्याच महिन्यात आयोगाने बजावलं की दुसऱ्याचा हॉटस्पॉट मुद्दाम तोडणं बेकायदा आहे. आधार १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या कलम ३३३ चा. हाच उद्योग करणारे दुसरेही निघाले. अधिवेशन केंद्रांना इंटरनेट पुरवणाऱ्या स्मार्ट सिटी नावाच्या कंपनीने ऑगस्ट २०१५ मध्ये साडेसात लाख डॉलर भरले.

आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांबद्दल. सिस्कोच्या जुन्या कंट्रोलरवर आपोआप कंटेनमेंट चालू करायला गेलं की पडद्यावर इशारा येतो: याचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात, पुढे जायचं का? खाली होकाराचं बटण. इशारा आहे हे चांगलंच, पण रात्री अकराला साइट सुरू करून घरी जायच्या घाईत असलेला मुलगा तो वाचत नाही, बटण दाबतो. असा पर्याय इतका हाताशी असूच नये असं माझं ठाम मत आहे.

खरा उतारा मानकातूनच आला. ८०२.११डब्ल्यू हे सुधारित मानक २००९ चं. त्यात ‘बाहेर पड’ या संदेशावर दोन्ही उपकरणांनाच माहीत असलेल्या किल्लीने शिक्का बसतो. उपऱ्याने पाठवलेला संदेश उपकरण फेकून देतं. तुमच्या त्या दिवसांत हे संरक्षण मानकात होतं, पण लोकांच्या फोनांत क्वचितच चालू असायचं. डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत ते सक्तीचं झालं, जुलै २०२० पासून वाय-फायचं प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए३ लागतंच, आणि ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याशिवाय सुरक्षित जोडणीच होत नाही. तुमचं हत्यार हळूहळू बोथट होत चाललंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण जुने फोन, जुने प्रिंटर, इस्पितळांतली जुनी उपकरणं अजून वर्षानुवर्षं चालतील. तोवर भिस्त कंट्रोलर सांभाळणाऱ्यांवर. म्हणून शेवटचा शब्द तुमच्याशी नाही, पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत, हॉटेलांत, कॉलेजांत हे काम करणाऱ्या माझ्या भावंडांशी. आज कंट्रोलर उघडा. अनोळखी नेटवर्क शोधणं चालू ठेवा, ते आपोआप तोडणं बंद करा. कुणी तुमच्याच केबलला परका ॲक्सेस पॉइंट लावला असेल, तर स्विचवरचा त्याचा पोर्ट बंद करा, हवेत हात घालू नका. नवी उपकरणं असतील त्या नेटवर्कवर व्यवस्थापन संदेशांचं संरक्षण ऐच्छिक न ठेवता सक्तीचं करा. आणि एखाद्या मालकाने पाहुण्यांचे हॉटस्पॉट पाडायला सांगितलं, तर लेखी मागा.