पंखा की हॉर्न?

नांदगाव खंडेश्वरात चारचाकी असणं ही आता मिरवायची गोष्ट राहिलेली नाही, हे मला सोडून सगळ्यांना कळलंय. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, यात माझा काडीचाही हात नाही. तरी पुण्याच्या पाहुण्यांना मी तो अशा थाटात दाखवतो, जणू सातबारा माझ्याच नावावर आहे. त्या रस्त्यावर गाडी कितीही पळवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. तो हलतो अमरावतीत, राजकमल चौकात, नवरात्रात अंबादेवीच्या गर्दीत. आणि तेही शेजारच्या गाडीत नेमकं कुणी ओळखीचं असताना.

बोनेटमधून वाफ निघाली की आजूबाजूने सल्ले निघतात. "पानी टाका." "झाकन खोला." "झाकन खोलू नोका बापा!" यातला तिसरा सल्ला शहाण्याचा. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. हा सल्ला देणारा गडी फुटाणे विकत होता. "माहीत आहे मला," असं मी गाडीमालकाच्या आवाजात म्हणालो आणि हातातलं फडकं हळूच खिशात घातलं.

गावातल्या मिस्त्रीनं बोनेटला हात लावण्याआधी एकच विचारलं, "भाऊ, चालतानी गरम होते का उभी असतानी?"

"उभी असताना."

"मंग इंजिन ठीक हाय."

निम्मं निदान तिथंच झालं. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला पंख्याशिवाय वाली नाही. ऐकून मला जरा लागलंच. माझंही तसंच आहे. मोकळ्या रस्त्यावर माझ्याइतका शांत माणूस नाही. कुणी पुढे निघून गेलं आणि मी उभा राहिलो की पाहा.

मग त्यानं रेडिएटरचं गार झालेलं झाकण काढलं, आतल्या पांढऱ्या थरावर नख घासलं, नखाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोयरिक दर्यापूरकडली हाय का जी?"

लग्न जुळवताना आमच्या घरच्यांनीही इतकी बारीक चौकशी केली नव्हती. सासुरवाडी दर्यापूर तालुक्यातली, म्हणजे खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून साधारण 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. खाली पाणी आहे, पण खारं. विहीर भरलेली दिसते आणि पिकाला देता येत नाही. दिलं तर जमीन बिघडते. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरी पुटं चढतात. आणि जावई मात्र दर फेरीला गाडी हापशापाशी उभी करून रेडिएटरमध्ये बादली रिकामी करतो, कारण गाडीला काय, कोणतंही पाणी चालतं! इंजिन ते पाणी तापवत राहिलं आणि क्षार नळ्यांना चिकटत गेले.

हे मी सासूबाईंना गंमत म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला निघताना त्यांनी दोन लिटरची बाटली हातात दिली. "गोळं पानी हाय. गाडीले टाका. खारं मानसाले सोसत नाई, तिले कसं सोसन?"

त्या घरात पाहुण्याला चहाआधी गोडं पाणी मिळतं आणि घरची माणसं मात्र ते जपून पितात. योजनेचा नळ आलाय, पण पाणी येईल त्या दिवशी येतं. लग्न होऊन आलेल्या मुलीला तिथं पहिल्यांदा शिकवतात ते कोणत्या गुंडातलं पाणी कशाला वापरायचं, हे. जिचा अर्धा जन्म डोक्यावर पाणी वाहण्यात गेला, ती बाई वाटणीतलं पाणी माझ्या इंजिनाला देत होती. आणि आम्ही इकडे गाडीची काच तांब्याभर पाण्यानं धुतो ती समोरच्याला आपला नवा मोबाइल दिसावा म्हणून. मला काही बोलता आलं नाही. ते पाणी मी गाडीत टाकलं नाही. मूर्तिजापूरच्या वाटेवर आम्ही दोघांनी पिऊन टाकलं. रेडिएटर मिस्त्रीनं धुऊन दिला होताच, आणि आता त्यात दुकानातलं तयार कूलंट असतं. सासूबाईंना हे सांगायची माझी छाती नाही.

असो. पंखा राहिलाच.

मिस्त्रीनं फ्यूज पाहिला, शाबूत. पंख्याला थेट बॅटरीची वायर लावली; पंखा गरगरला. म्हणजे मोटरही शाबूत. मग त्यानं फ्यूजच्या डबीतून पंख्याचा काडेपेटीहून लहान, काळा चौकोनी रिले उपटला, शेजारचा तसाच दुसरा उपटला आणि पहिल्याच्या जागी बसवला. इंजिन तापू दिलं. काटा चढला आणि पंखा आपसूक सुरू झाला. मी टाळी वाजवायचाच बाकी होतो.

"हा दुसरा कशाचा होता?"

"हॉर्नचा. नवा अमरावतीहून आना. तवरक पंखा फिरन, हॉर्न वाजनार नाई."

गाडीशिवाय मी जगू शकतो. हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे आडनावाशिवाय लग्नपत्रिका छापणं. रिले आणायला त्याच गाडीनं, त्याच राजकमल चौकातून जावं लागलं. सवयीनं मी हॉर्नवर हात मारत होतो आणि आतून नुसतं टिक होत होतं. रिक्षावाले, दुचाक्या, भर रस्त्यात बसलेली एक गाय, कुणाच्याही वागण्यात तसूभर फरक पडला नाही. इतकी वर्षं मी वाजवत होतो ते कुणासाठी, हा प्रश्न मी चौकात सोडवला नाही, कारण मागचा वाजवत होता.

नवा रिले घेऊन परतलो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता एक नवा हाय, एक जुना. जुन्याचा भरोसा नाई. नवा कुठं लावू?"

शहाणा माणूस पंख्याला म्हणाला असता. माझ्या तोंडून "हॉर्नला" निघून गेलं.