लाल किल्ला व्हाया नळदुर्ग

कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात. पुढे तो रझाकारांचा म्होरक्या झाला आणि १९४८ साली भरसभेत सांगू लागला, की आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील.

हैदराबाद संस्थानाला समुद्रकिनाराच नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग १३ सप्टेंबर उजाडला. सोलापूरकडून भारतीय फौज निघाली. आपल्याच तालुक्यातल्या नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचा पूल तिला धडधाकट मिळाला. सकाळी नऊला जळकोट, दुपारी सव्वातीनला उमरगा. या रस्त्याची जी कामं आपण वर्षानुवर्षं बघितली, ती आठवली तर रणगाड्यांचा हेवा वाटतो. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

लाल किल्ला दिल्लीतच राहिला.

आता दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. भाषणं होतात, चहा होतो. चहाच्या वेळी कोणीतरी विचारतंच, ‘एवढ्या लोकांना हे पटलं तरी कसं हो?’ विचारणाऱ्याच्या एका हातात कप असतो, दुसऱ्या हातात मोबाइल. त्या मोबाइलमध्ये काय काय पटलेलं असतं, ते विचारू नये. चहा कडू होतो.

पण प्रश्न घेऊ. कसं पटलं?

लोक अडाणी होते म्हणून? सांगणारा वकील होता. थाप मारायला शिक्षण आडवं येत नाही, ती गिळायलाही येत नाही. शिकलेल्याचं फार तर एवढंच होतं, की गिळल्यावर तो वर चार कारणंही देतो.

खरी गंमत वेगळी होती. संस्थानात ‘अनल मलिक’ नावाचा सिद्धान्त फिरत होता. राज्य काही एकट्या निजामाचं नाही, संस्थानातला प्रत्येक मुसलमान राजा! टांगेवालाही राजा, विणकरही राजा. जमीन जहागीरदाराकडेच, मजुरी तेवढीच, घोडा उपाशीच. पण राजा.

फुकटात एवढं कोण देतं?

हसू नका. आपल्याकडे या.

आई भवानीने महाराजांना तलवार दिली, ही श्रद्धा. तिला हात लावायची माझी हिंमत नाही, मला याच गावात राहायचंय. पण मुख्यमंत्र्यांच्या घोषणेला हात लावता येतो. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या अंतुल्यांनी लंडनहून भवानी तलवार आणतो म्हणून सांगितलं. इतिहासाचे अभ्यासक म्हणाले, ब्रिटिश राजघराण्याकडे आहे ती तलवार कोल्हापूर दरबाराने १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली. तीच भवानी, असा पुरावा नाही. पुरावा मागणाऱ्याला कोणी हार घातल्याचं तुम्ही कधी पाहिलंय? तलवार आली नाही, अंतुले गेले. घोषणा मात्र गंजली नाही. नंतरच्या मंत्र्यांनीही ती म्यानातून काढून पाहिली.

२०२४ साली साताऱ्यात वाघनखं आली. लंडनच्या ज्या संग्रहालयाने ती उसनी दिली, तेच सांगतं की अफझलखानावर वापरलेली वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही.

हे वाक्य तुमच्या किती ग्रुपवर आलं?

नाहीच येणार. जी गोष्ट आपली छाती फुगवते, तिचा पुरावा मागायचा म्हणजे स्वतःच्याच छातीत टाचणी टोचायची. रझवीने लोकांना नकाशा दाखवलाच नव्हता, आरसा दाखवला होता. त्यात सगळे राजबिंडे दिसत होते.

बरं, मग शंका कोणालाच आली नाही? आली की. शोएबुल्ला खान हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक काढायचे. स्वतः मुसलमान. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं लिहायचे, रझाकारांवर टीका करायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या, लिहिणारे हात तोडले.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादेत जो गप्प होता, त्याला प्रचार पटला होता की हात प्यारे होते?

हा फरक आपण करत नाही. लांबून सगळ्या टाळ्या सारख्याच ऐकू येतात. काही हौसेच्या असतात, काही भीतीच्या, काही नुसत्या शेजाऱ्याने वाजवल्या म्हणून. आणि काही हात खिशातच असतात. त्यांचा आवाजच येत नाही. हिशोब करताना मात्र सगळ्यांच्या नावावर सारखंच बिल.

बिल आलंच. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. आपल्याकडची माणसं जीव मुठीत धरून हद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. मराठवाड्यातल्या घराघरांत हे माहीत आहे. माहीत असून बोललं जात नाही ते त्यानंतरचं. फौजेची ही ‘पोलिस अ‍ॅक्शन’ संपली आणि मुसलमानांवर उलटा सूड सुरू झाला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती फिरून आली. तिचा अंदाज होता, संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद. मारताना कोणी विचारलं नाही, ‘तू टाळ्या वाजवल्या होत्यास का रे?’

आणि ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या तो रझवी? तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं कपाटात होता. खोटं छापून प्रचार करता येतो, तसा खरं न छापूनही करता येतो. दुसरा स्वस्त पडतो, शाई लागत नाही.

तर दोष कोणाचा? घाबरलेल्याला माझ्याकडून माफी. ज्याच्या गावात एकच रेडिओ आणि एकच मुल्ला किंवा महाराज, त्यालाही माफी. पण ज्याला कोणी धमकी दिलेली नाही, ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याच्या खिशात साऱ्या जगाची वर्तमानपत्रं आहेत आणि तरी ज्याला दुपारी जेवल्यावर अंगठा शिवशिवतो, त्याचं काय करायचं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडी बाजार. आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरत गेलेले नाथपंथी डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी आलीय, हे गावाला मोबाइलने आधीच सांगून ठेवलं होतं. भिक्षेकरी आले, टोळी सापडली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठार मारलं.

त्या वर्षी देशभर मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो मूळचा कराचीतला. मुलं जपा, असं पालकांना सांगणाऱ्या जाहिरातीचा. शेवटचा खुलासा कापून टाकला की जाहिरातीचा पुरावा होतो. कात्रीला फार अक्कल लागत नाही.

राईनपाडा घडलं त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मर्यादा आणली. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल.

पाच. कंपनीच्या गणिताला काळवेळ कळत नाही.

पूर्वी देवीच्या नावाने पोस्टकार्डं यायची. अशीच अकरा कार्डं अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरावर संकट. पण अकरा कार्डं विकत आणावी लागायची, हाताने लिहावी लागायची. सातव्या कार्डापर्यंत मनगट दुखायचं आणि देवीवरची श्रद्धा थोडी कमी व्हायची. अफवेलाही मेहनत होती. आता संकट फुकटात पुढे सरकतं.

राईनपाड्याच्या खटल्यात काठ्या चालवणाऱ्यांची नावं लागली. तो मेसेज पुढे ढकलणारे शेकडो सज्जन मात्र कुठल्याच आरोपपत्रात सापडायचे नाहीत. त्यात शिक्षक असतील, दुकानदार असतील, सकाळी न चुकता देवीचा फोटो टाकणारे काका असतील. त्यांनी कुठे कोणाला मारलं? ते तर पोरांची काळजी करत होते. शिवाय मेसेजच्या खाली त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं : ‘आला तसा पाठवला आहे, खरं-खोटं माहीत नाही.’