लॅपटॉपचा उन्हाळा

संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. स्क्रीनचा उजेड आणि स्पीकरचा आवाजसुद्धा भिंतींवर, कपाटांवर आणि माणसांवर आपटून उष्णताच होतात. त्यामुळे खोली तापवण्यापुरते बोलायचे तर १०० वॅट खाणारा संगणक आणि १०० वॅटचा हीटर यांत काही फरक नाही. हीटर जीएसटीचा रिटर्न भरत नाही, एवढेच.

ही उष्णता येते चिपमधून. नखाएवढ्या सिलिकॉनवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीला थोडी वीज लागते, शिवाय काही वीज नुसती बसल्या जागी गळत असते. ट्रान्झिस्टर लहान करत गेले की त्यांना लागणारा व्होल्टेजही उतरतो, त्यामुळे दाटी वाढली तरी उष्णता आटोक्यात राहते, असा हिशेब १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तीसएक वर्षे तो बरोबर आला. पुढे व्होल्टेज आणखी उतरेना आणि गळती वाढली. २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी तज्ज्ञांच्या परिषदेत बजावले, की असेच चालू राहिले तर चिपच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अणुभट्टीची आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाची धग येईल. २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ नावाचा प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द केला. ज्याचे नाव तेजस, त्याने तापू नये ही अपेक्षाही जरा जास्तच होती. तेव्हापासून चिपच्या उघडझापीचा वेग फारसा वाढलेला नाही. त्याऐवजी एका चिपमध्ये चार, आठ, सोळा गाभे (कोअर) बसवण्याची पद्धत आली.

आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न नव्हता असे नाही. १९४६ मध्ये जगासमोर आलेला अमेरिकेतला एनिॲक सुमारे १५० किलोवॅट वीज खाई आणि त्याला गार ठेवायला वेगळी पंख्यांची यंत्रणा होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये सुरू केलेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि व्हॅक्यूम ट्यूब अशी वस्तू आहे की आतली तार तापून लाल झाल्याशिवाय ती कामच करत नाही. पुढे शाळांत संगणक आले, तेव्हा ज्या शाळेच्या वर्गांत पंखे नव्हते तिथेही संगणकाच्या खोलीला एसी लागला आणि दाराबाहेर चपलांची रांग लागली. चपला धुळीसाठी आणि एसी उष्णतेसाठी, हे कारण कोणी सांगत नसे. त्यामुळे आत काहीतरी सोवळ्यातले आहे, अशी मुलांची समजूत होई. एप्रिल-मेमध्ये मुख्याध्यापकांना या खोलीची पाहणी वारंवार करावी लागे.

पंख्याशिवाय भागेल, असेही एकाने करून पाहिले. १९८० मध्ये ॲपल कंपनीने ॲपल थ्री हा संगणक आणला. पंख्याचा आवाज नको आणि खोक्याला झरोके नकोत, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा हट्ट होता. आतून यंत्र इतके तापे, की चिपा आपापल्या खाचांतून सैल होत. त्यावर कंपनीच्या लोकांनी सुचवलेला उपाय असा, की यंत्र टेबलापासून दोन-तीन इंच उचलावे आणि सोडून द्यावे. ही विद्या मराठी घरांत रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर सिद्ध झालेलीच होती, पण तिची शिफारस खुद्द उत्पादकाने करण्याचा प्रसंग विरळा.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चिपवरची उष्णता एका ठरलेल्या वाटेने बाहेर जाते. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर तांब्याची चपटी नळी असते. तिच्यातली हवा काढून टाकून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन गार होते आणि पाणी नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येते. त्या दुसऱ्या टोकाला धातूच्या बारीक पट्ट्या आणि पंखा. पंखा खालून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागून फेकतो. बाकी सगळी वाट कारखान्यात पक्की झालेली असते; शेवटचा पंखा आणि त्याचे झरोके मात्र घरमालकाच्या ताब्यात येतात आणि लॅपटॉपचे हाल तिथून सुरू होतात.

हाल दुष्टाव्याने होत नाहीत. मराठी घरात महाग वस्तूवर माया करण्याची रीत म्हणजे तिला झाकणे. टीव्हीला फ्रीलचे कव्हर, फ्रिजच्या हँडलला कापडी म्यान, मिक्सरला टोपडे. संगणक या कुळात आला तेव्हा त्यालाही प्लॅस्टिकचे कव्हर मिळाले. बंद यंत्रावर कव्हर घालणे चांगलेच, धूळ बसत नाही. पण काम संपले की लगेच, डाउनलोड चालू असतानाच ते घालणारी माणसे आहेत. त्या काळी सुताराने करून दिलेल्या कॉम्प्युटर टेबलात सीपीयूसाठी खास कप्पा असे, त्याला दार आणि दाराला कुलूप. आतला पंखा कप्प्यातली तीच ती हवा ओढी आणि फेकी. अशा टेबलाचे दार बिजागरीसकट काढून टाकावे, आणि सुतार आग्रही असेल तर कप्प्याची मागची फळीही. सीपीयूच्या मागे आणि बाजूंनी किमान वीतभर जागा मोकळी असावी.

लॅपटॉपच्या बाबतीत कव्हरची जागा गादीने घेतली. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तांबे तिच्या सुमारे पंधरा हजार पट चांगले. गोधडीची ऊब येते ती याच गुणामुळे, कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेतून. आता ज्या यंत्राचे झरोके पोटाशी आहेत ते गोधडीवर ठेवले, की झरोके बंद होतात आणि खालून आजीच्या हातची ऊबही मिळते. उशी, सोफा आणि मांडीवरचे दुलईचे टोक यांचे काम तसेच. मांडीचे स्वतःचेही नुकसान होते. रोज तासन्‌तास तापलेला लॅपटॉप मांडीवर ठेवल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. काश्मीरमध्ये फेरन या अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरणाऱ्यांना असेच डाग पडतात. तिथे निदान बाहेर बर्फ असतो. नागपुरात मे महिन्यात कांगडी धरण्याला काही कारण नाही.

लॅपटॉप कडक, सपाट जागी ठेवावा. २०२० मध्ये घरातून काम सुरू झाले तेव्हा इस्त्रीचे टेबल, शिलाई मशीन, चौरंग असे सगळे पुढे झाले. त्यांत साधा जेवणाचा पाट सर्वांत सोयीचा ठरावा. गादीवर पाट आणि पाटावर लॅपटॉप. तळाचे रबरी पाय दीड-दोन वर्षांत पडून हरवतात आणि मग तळ आणि लाकूड यांत फटच उरत नाही. अशा वेळी मागच्या कडेखाली दोन खोडरबर किंवा बाटल्यांची बुचे ठेवली तरी फरक पडतो. पंखे असलेले कूलिंग पॅड मिळते. ते तळाला झरोके असलेल्या यंत्रांना थोडे उपयोगी, इतरांना बहुतेक मनाच्या समाधानासाठी.

धुळीचे प्रकरण मोठे आहे. साधी धूळ फुंकरीने उडते. घरच्या धुळीत फोडणीचा तेलकट अंश, उदबत्तीचा धूर आणि कपड्यांचे धागे मिसळतात; त्यांचा पट्ट्यांच्या तोंडाशी हळूहळू नमदा तयार होतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आवाज करतो आणि हवा मात्र बाहेर येत नाही. घरात मांजर असेल तर नमदा लवकर जमतो. मांजर नसेल तर पाली आणि झुरळे डेस्कटॉपची उबदार पेटी पसंत करतात. वर दसरा येतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, आणि आता पाना-पक्कडीच्या शेजारी लॅपटॉप बसतो. हळद, कुंकू आणि अक्षता यांची थेट वाट कीबोर्डातून आत जाते. झेंडूची पाकळी वाळून पंख्यात गेली तर बराच काळ टरटर आवाज येतो. पूजा अवश्य करावी, पण यंत्र बंद करून, झाकण मिटून, आणि कुंकवाचे बोट झाकणावरच टेकवावे. पूजेच्या आधी झरोके पुसण्याची प्रथा पडली तर दोन्ही साधेल.

तापलेले यंत्र काही खुणा दाखवते. पंखा सतत ओरडतो, कीबोर्डचा वरचा भाग चटका देतो, व्हिडिओ अडखळतो. चिप १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचली की ती आपण होऊन वेग कमी करते आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र न विचारता बंद होते. हा दोष नाही, जीव वाचवण्याची सोय आहे. मात्र घरात संगणक मंद झाला की पहिले निदान ‘व्हायरस आलाय’ असेच होते. मग अँटिव्हायरस लावून पूर्ण तपासणी सुरू केली जाते, तिने चिपचे सगळे गाभे कामाला लागतात, यंत्र आणखी तापून मध्येच बंद पडते आणि निदान पक्के होते. क्वचित ते खरेही असते: दुसऱ्यासाठी गुपचूप क्रिप्टो-चलन खणणारे प्रोग्रॅम चिपला रात्रंदिवस राबवतात. टास्क मॅनेजर उघडून कोण किती काम करतोय ते आधी पाहावे. बहुतेक वेळा तिथे कोणी परकीय शत्रू सापडत नाही. ब्राउझरच्या चाळीस खिडक्या सापडतात. त्यांतल्या काही दिवाळीच्या खरेदीच्या असतात आणि महिना मार्चचा असतो.

काम हलके केले की उष्णता आपोआप घटते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बोचा जादा वेग बंद होतो. एक टक्क्याचा हा त्याग कागदावर नगण्य, पण तापमान चांगले दहाएक अंशांनी उतरू शकते, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज बराच चढवावा लागतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्रे टाइप करणाऱ्याला वेगातला फरक कळणारही नाही.

आता खोली. पंखा खोलीतली हवाच वापरतो, तेव्हा तो चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. अकोला-चंद्रपूरकडे मेच्या दुपारी पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा यंत्राची सुरुवातच तिथून होते. जड काम पहाटे किंवा रात्री करावे. विदर्भातला कूलर लॅपटॉपलाही चालतो, कारण कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन होऊन हवा खरोखर गार होते. मात्र पंप नवा आणि वाळा जुना असेल तर वाऱ्याबरोबर थेंबही उडतात, तेव्हा यंत्र समोर ठेवू नये. मुंबईत किंवा कोकणात हवा आधीच दमट, तिथे कूलर फक्त ओलावा वाढवतो. एसीतून गार झालेला लॅपटॉप थेट बाहेरच्या दमट हवेत काढला तर त्यावर दव धरते, म्हणून पिशवीत जरा वेळ राहू द्यावा. फ्रिजमध्ये लॅपटॉप ठेवण्याची कल्पना दर उन्हाळ्यात कोणाला तरी सुचते. पाणी आत साचून यंत्र कायमचे शांत होते. ओला पंचा तळाखाली घालणे हीच चूक, फक्त कमी खर्चाची.

बॅटरीला उष्णता चिपपेक्षा जास्त बाधते. चिप ८० अंशांना रोज काम करील. लिथियम-आयन बॅटरी ४० च्या वर लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली असेल तर आणखी लवकर. उन्हात उभ्या मोटारीत लॅपटॉप ठेवू नये. सतत चार्जरवर चालणाऱ्या यंत्रात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल, तर ती वापरावी. आणखी एक खबरदारी प्रवासाची: झाकण मिटून ‘झोपवलेला’ लॅपटॉप पिशवीत अपडेटसाठी जागा होतो आणि पुणे-नाशिक प्रवासभर आतल्या आत तापत राहतो. एसटीत चढण्यापूर्वी तो पूर्ण बंद करावा.

सफाई वर्षातून एकदा-दोनदा पुरते. यंत्र बंद करून चार्जर काढावा, झरोक्यांवर मऊ ब्रश फिरवावा आणि ब्लोअरने थोडी थोडी हवा मारावी. पंख्याची पाती काडीने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने तो बेफाम फिरला तर बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकर मारू नये, हवेपेक्षा थुंकी जास्त जाते. खोलून साफ करायचे तर आधी वॉरंटी पाहावी. जुनी पेस्ट वाळून पापुद्रा झाली असेल तर ती पुसून नवी लावावी, वाटाण्याएवढी; पुरणपोळीवर तूप सोडतात तशी नको. दुरुस्तीवाल्याने न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले, तर सफाई आणि पेस्ट आधी करायला लावावी. तेवढ्यानेच पुष्कळ मदरबोर्ड परत येतात.

टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगलेली असते. अशा वेळी वजन ठेवून ती दाबू नये आणि टाचणीने वायू काढण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. ती पेट घेऊ शकते. यंत्र बंद करावे, चार्जर लावू नये, बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी आणि रद्दीवाल्याच्या तराजूत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.