खो मिळाल्याशिवाय उठू नये

खो-खोच्या संघात १२ खेळाडू असतात. ९ मैदानात, ३ राखीव. हा झाला नियमाच्या पुस्तकातला हिशेब. प्रत्यक्षात १२ पोरांमागे २४ आईबाप, तीन-चार आजोबा, एखादी आत्या आणि सुट्टीला मुंबईहून आलेला एक मामा असतो. आणि यातलं राखीव कुणीच नसतं. सगळे पहिल्या मिनिटापासून खेळत असतात.

मी यांच्यातला कुणीच नाही. माझी मुलं शिकून पुण्याला गेली. सांगलीत आमच्या घरामागच्या मैदानावर मी संध्याकाळी रक्तातली साखर उतरवायला फेऱ्या मारायचो. एकदा तिथल्या खो-खो मंडळाच्या सरांनी माझ्या हातात सुतळीचं टोक दिलं आणि म्हणाले, "जरा धरा की." ते टोक अजून माझ्याच हातात आहे. मंडळाला माणसं मिळतात ती अशीच. 'स्वयंसेवक पाहिजेत' म्हणून फलक लावला तर कुत्रं फिरकत नाही. पण 'जरा धरा की'ला नाही म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही.

सुतळी धरायची ती मैदान आखायला. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद, दोन टोकांना दोन खांब, खांबांच्या मधून जेमतेम फूटभर रुंदीची मध्यपाटी आणि तिच्यावर आठ चौकोन. भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की टाकत मागं मागं सरकायचं. वारा सुटला की मध्यपाटी कमी आणि आपली विजार जास्त पांढरी होते. पण त्याआधीचं काम त्याहून महत्त्वाचं. खडे वेचणं. खांबापाशी सूर मारणारी पोरगी जमिनीवर अख्खी आडवी पडते, तेव्हा तिथं राहिलेला एक खडा कोपर सोलून काढतो. हे काम पालकांनी करावं असं सरांचं म्हणणं. पालकांचं म्हणणं, आम्ही मार्गदर्शन करतो.

जानेवारी २०२५पर्यंत हे मार्गदर्शक निदान संख्येनं कमी होते. 'खो-खो खेळून पोट भरतंय होय?' असं विचारून लोक पोरांना क्रिकेटच्या जाळीत नेऊन सोडायचे. मग दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले निघाले. पुढच्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला मोटारसायकली लावायला जागा उरेना. एका गृहस्थांनी नाव नोंदवण्याआधी विचारलं, "भारताची जर्सी साधारण कितवीत मिळती?" दुसऱ्यांना दहावीच्या क्रीडागुणांची चिंता होती. त्यांचं पोरगं दुसरीत होतं.

आता या खेळाची गंमत अशी की पाठलाग करणाऱ्या संघातली आठ पोरं मध्यपाटीवर बसून असतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मागून हात लागेपर्यंत आणि 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. समोरून धावणारा हातभर अंतरावरून हूल देऊन गेला तरी उठायचं नाही. एवढा संयम नऊ-दहा वर्षांची पोरं दाखवतात. कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या बापांना तो झेपत नाही. एका बापाची कायमची तक्रार होती, "आमच्या सोन्याला कुणी खोच देत न्हाईत. मुद्दाम बसवून ठेवतेत." एका सामन्यात धावणारा अगदी सोन्याच्या पुढ्यातून निघाला. बापाला राहवलं नाही. कवठेमहांकाळला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी स्वतःच खो दिला. आवाज ओळखीचा, त्यातून वडिलांचा. सोन्या उठला, पळाला आणि धावणाऱ्याला बादही करून आला. शिट्टी झाली. फाउल. पोरगं कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत उभं राहिलं. तो चेहरा मी तरी विसरणार नाही. आमच्याकडे असा चेहरा बापांनी करायची पद्धत आहे.

सर त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्या हातात गुणपत्रिका आणि पेन दिलं. "तुमची नजर तीक्ष्ण आहे," एवढंच म्हणाले.

सरांची ही रीतच आहे. ज्याचं तोंड जिथं चालतं, तिथलंच काम त्याच्या गळ्यात घालायचं. 'केळी कच्ची आणलीत' म्हणणाऱ्या काकू आता दर रविवारी बाजारात जाऊन केळी निवडतात, आणि पिकलेल्या केळ्याला नाव ठेवायची आमची हिंमत होत नाही. वर्गणीचं नक्की होतं काय, असा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारणारे निवृत्त बँकवाले आता खजिनदार आहेत. मंडळ नोंदणीकृत न्यास, म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे. हे काम पूर्वी सर रात्री अकराला, डोळ्यांवर झोप घेऊन करायचे. खजिनदारांनी पहिल्याच महिन्यात माझ्याकडे फक्कीच्या दोन पोत्यांची पावती मागितली. तेव्हापासून वारा सुटला की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि भ्रमणध्वनीवरचा गट. 'उद्या सराव सहा वाजता' या निरोपाखाली 'उद्या सराव आहे का' असं किमान पाच जण विचारतात. त्यावर अजून इलाज सापडलेला नाही. पुढे जाऊ.

मुलींचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आठवी-नववीत आल्या की त्या एकेक करून गळायच्या. कारण विचारलं की घरून 'अभ्यास' असं उत्तर यायचं. कडेला विणकाम घेऊन बसणाऱ्या एका आईनं खरं कारण काढलं. तिच्या लक्षात आलं की पोरी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मैदानावर संडास-बाथरूम नाही, मग पिऊन करायचं काय? सहा वाजता धावायला लागल्या की साडेसहाला एखादीला चक्कर. आम्ही पुरुष मंडळी इतकी वर्षं 'ताकद कमी पडते, खजूर द्या' असले सल्ले देत होतो. त्या बाईनं आणखी तिघींना बरोबर घेतलं आणि शेजारच्या मंगल कार्यालयाच्या मालकाकडून मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहाची किल्ली आणली. लग्न नसेल त्या दिवशी वापरायचं, आणि असेल त्या दिवशीही, पण पंगतीच्या बाजूनं जायचं नाही. किल्ली कुणाकडे कधी, याची पाळी त्या आयांनी लावली. ना अर्ज, ना निवेदन, ना फोटो. आता पोरी बाटलीभर पाणी पितात. त्या किल्लीमुळे जेवढ्या टिकल्या, तेवढ्या सरांच्या कुठल्याही भाषणानं टिकल्या नव्हत्या.

बाहेरगावच्या स्पर्धेचे नियमही त्याच आयांनी घातले. पोरांबरोबर एकटा मोठा माणूस जायचा नाही. दोघं पाहिजेत, आणि मुली असतील तर त्यात एक बाई पाहिजेच. सरांनाही यातून सूट नाही. एकदा दुसरं माणूस ऐनवेळी आजारी पडलं तेव्हा एसटी सुटायची वेळ झाली तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी मलाच चपलेवर उभ्याउभ्या इस्लामपूरला जावं लागलं. जन्मदाखले, आधारकार्डं आणि शाळेचे बोनाफाईड यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वयोगट १४ वर्षांखालचा, आणि एका पोराला मिशी फुटलेली. त्याचा दाखला मी वाटेत दोनदा काढून बघितला.

यंदा मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत ते खो देणारे बाप गुणलेखक म्हणून मेजावर होते. वर्षभर लिहून लिहून त्यांना खेळ चांगलाच कळायला लागला होता. लिहिताना तोंड बंद ठेवावं लागतं, नाहीतर मिनिटं चुकतात. दुसऱ्या पाळीत सोन्या पहिल्याच तुकडीत धावायला उतरला. बापानं पेन घट्ट धरलं. सोन्यानं एक हूल छान दिली, दुसरी दिली, आणि तिसरीला खांबाला वळसा घालताना घसरला. बाद. पुरतं मिनिटही झालं नव्हतं. बापानं घड्याळ बघितलं, आवंढा गिळला आणि सेकंदासकट वेळ लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य होतं.

त्याच सामन्यात थोड्या वेळानं पाहुण्या संघाचं एक पोरगं बाद झालं. तेही त्यांनी तसंच लिहिलं. कडेला उभ्या असलेल्या त्या पोराच्या बापानं हात नाचवत विचारलं, "ओ लिहिणारे, किती घेतलं ओ?"

आमच्या गुणलेखकांचा चेहरा लालेलाल झाला. ते काही बोलले नाहीत, सामना संपेपर्यंत मान खाली घालून लिहीत राहिले. शेवटची शिट्टी झाली तशी गुणपत्रिका सरांच्या हातात देत म्हणाले, "सर, बाकी सगळं ठीक आहे. पण ह्या पालक लोकांचं कायतरी करायला पाहिजे बघा."

सर "बघू या" म्हणाले आणि केळी वाटायला निघून गेले.