वारा आणि पाठ

महसूल खात्यात 33 वर्षे इमानेइतबारे दप्तर वाहून मी नायब तहसीलदाराच्या खुर्चीवरून निवृत्त झालो, तेव्हा फंडाच्या रकमेतून काशीयात्रा घडावी अशी आमच्या कुटुंबाची रास्त मागणी होती. परंतु बालपणी अंगणातून पाहिलेल्या विमानांची वासना साठीच्या उंबरठ्यावर अकस्मात जागृत झाल्याने मी त्या रकमेचा बराचसा हिस्सा एका विमानशाळेत भरला, आणि माझ्या धाकट्या कन्येहूनही लहान असलेल्या एका बाईंच्या हाताखाली उमेदवार म्हणून रुजू झालो.

उड्डाणाची विद्या मला अनपेक्षित सुलभतेने वश झाली. तंटा उपस्थित झाला तो उतरण्याबाबत, आणि त्यातही आडव्या वाऱ्याबाबत. पूर्वीचे विमानतळ पुष्कळदा नुसते ऐसपैस गवताळ मैदान असे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरावे, असा समजूतदार रिवाज होता. पुढे डांबरी धावपट्टी आली आणि विमानाच्या वाटेला हद्दी पडल्या. आमच्या पट्टीच्या एका टोकावर 11 आणि दुसऱ्यावर 29 असे आकडे रंगवले होते, म्हणजे होकायंत्राचे 110 आणि 290 अंश; वाऱ्याला मात्र या मोजणीची नोटीस कोणी बजावलेली नव्हती. तो पट्टीशी 30 अंशांचा कोन करून आला तर त्याचे निम्मे बळ आडवे लागते. काटकोनात आला तर सगळेच. आमच्या सेस्ना 152 च्या पुस्तिकेत 12 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर, इतक्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवल्याची नोंद आहे. उतरवून दाखवणारा इसम मी नव्हतो, हे सांगणे नलगे.

कृती अशी. नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्याच्या चालीने तिरके तिरके पट्टीच्या रेषेत यायचे. वेग 60 नॉट आणि आडवा वारा 10 नॉट असेल तर हा तिरकेपणा सुमारे 10 अंशांचा. मग जमीन हाताशी आली की, वारा डावीकडचा असल्यास, हाताने डावा पंख खाली दाबायचा आणि त्याच क्षणी उजव्या पायाने रडर दाबून नाक रेषेवर आणायचे. हात डावीकडे, पाय उजवीकडे! उजव्या हाताने हजारो सह्या करताना मी पायांचे मत कधीही मागवले नव्हते. तेच पाय आता स्वतंत्र खात्याप्रमाणे वागू लागले. पांढरी रेषा डावीकडे सरकत चालली, शेजारचे ज्वारीचे शेत आपुलकीने जवळ आले, "काका, उजवा पाय! उजवा!" असा पुकारा झाला, आणि मी अत्यंत प्रामाणिकपणे डावा दाबला. "आय हॅव कंट्रोल," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि माझा कारभार जागच्या जागी जप्त झाला.

वास्तविक वाऱ्याशी माझा व्यवहार जुना होता. वारा येईल तशी पाठ फिरवावी, या एका सूत्रावर मी 11 साहेब सुखरूप पार पाडले होते. परंतु विमानाला पाठ फिरवता येत नाही. वाऱ्याकडे खांदा झुकवावा, नजर रेषेवर ठेवावी आणि एका चाकावर उतरण्याची लाज बाळगू नये, हे शास्त्र आमच्या कचेरीत कोणी शिकवले नव्हते.

अखेर एका सकाळी प्रथम डावे चाक टेकले, मग उजवे, मग नाकाचे. कृतार्थ होऊन मी हात सैल सोडले, तोच डावा पंख उचलू लागला. "काका, आपण उतरलोय, वारा उतरलेला नाही!" बाई कडाडल्या. विमान पुरते थांबेपर्यंत वाऱ्याच्या बाजूला चक्र वळवलेलेच ठेवायचे असते.

हे ब्रह्मज्ञान घेऊन मी घरी परतलो. दारात कुटुंब उभे होते, हातात काशीच्या गाडीचे वेळापत्रक होते. मी डावा खांदा किंचित खाली केला, आणि उजवा पाय घट्ट रोवला.