ताळेबंदातला ‘बंद’

घरखर्चाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘क्लोज बुक’ हे बटण घरात कुणीही दाबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराची गोष्ट वेगळी. त्याला ३१ मार्चला कीर्द-खतावणी मिटवून नफा काढावाच लागतो, कारण त्या नफ्यात सरकारचा वाटा असतो. घराच्या नफ्यात वाटा मागायला कुणी येत नाही, कारण तो नसतोच. ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बटण दाबलं की पगार, किराणा, वीज, रिक्षा अशी उत्पन्न-खर्चाची सगळी खाती शून्यावर येतात आणि उरलंसुरलं इक्विटीत जातं. वर्षभर सुट्ट्या पैशांवरून ज्या रिक्षावाल्यांशी हुज्जत घातली, त्यांचं खातं एका क्लिकसरशी धुऊन निघतं! बरं, याची गरजही नाही. कागदी वहीची पानं संपायची, म्हणून नवी वही घ्यायची. इथे अहवालाच्या तारखा बदलल्या की हवं ते वर्ष समोर हजर.

मुळात वर्ष संपतं कधी, यावरच एकमत नाही. घाटकोपर-मुलुंडचे गुजराती व्यापारी दिवाळीला चोपडापूजन करतात. हल्ली लॅपटॉपलाही कुंकू लागतं. १९८९ मध्ये प्राप्तिकराने सगळ्यांना ३१ मार्चच्या दावणीला बांधलं, त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशेब कायद्यालाही चालायचा. घरात तर वर्षंच वर्षं: शाळेचं जूनपासून, भाड्याच्या जागेचं अकरा महिन्यांचं, सोसायटीच्या मेंटेनन्सचं तीन-तीन महिन्यांचं. अंधेरी-चर्चगेट लोकलचा तिमाही पास १ मार्चला काढला, तर त्यातला एकच महिना या वर्षाचा. उरलेले दोन महिने शास्त्राप्रमाणे ‘आगाऊ दिलेला खर्च’ म्हणून मालमत्तेत धरायचे. म्हणजे खिशात मालमत्ता बाळगून सकाळच्या फास्टच्या दारात लोंबकळायचं.

यावर कुणी म्हणेल, वर्ष बंद केलं नाही तर शिस्त कशी राहणार? ‘ताळेबंद’ या शब्दातच ‘बंद’ आहे. आहे ना, पण त्याच्याआधी ‘ताळा’ येतो, आणि खरी शिस्त तिथे लागते. दुहेरी नोंदीचा दुसरा पाय सापडला नाही की ग्नूकॅश ती रक्कम ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकून मोकळं होतं. यूपीआयवरून ४० रुपये गेलेत, पलीकडे नुसतंच कुणाचं तरी नाव. ते वडापावचे, की चपलेचा अंगठा शिवल्याचे? मार्चअखेरची रात्र जागवायची तर या चाळीस रुपयांसाठी जागवावी. कारण हे खातं ना उत्पन्नात मोडतं, ना खर्चात; वर्ष बंद केलं तरी ते जागच्या जागी बसून आपल्याकडे बघत राहतं. आता, जुन्या नोंदीला चुकून धक्का लागेल ही धास्ती मात्र रास्त आहे. पण त्यासाठी अमुक दिवसांपेक्षा जुन्या नोंदींना कुलूप लावायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. कपाटाला कुलूप हवं म्हणून कपाट रिकामं करायचं कारण नाही.

एवढं वाचूनही ३१ मार्चला हात शिवशिवलेच, तर आधी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आणि पेनड्राइव्हचे पैसे कोणत्या खात्यात टाकले, तेवढं लिहून ठेवा.